मौलाचाचाची दुसरी ओळ

शिरोली एमआयडीसीतल्या त्या फौंड्रीचे मालक बापूसो आठवडाभर गावाला गेले तरी कारखान्याचं काही अडायचं नाही. पण भट्टीवरचा मौला मुजावर एक दिवस आला नाही, की लोखंडाचा रस ओतणारी पोरं आईविना लेकरागत इकडंतिकडं बघत बसायची.

मौला मूळचा कोडोलीचा. बाप लवकर गेला, तेव्हा आई सुलतानबीनं त्याला हाताला धरून कोल्हापुरात आणलं आणि बापूसोंच्या वडिलांपुढं उभं केलं. तेव्हा कारखाना म्हणजे नुसतं एक पत्र्याचं शेड. पोरगं जेमतेम पंधराचं, आणि अठराच्या आतल्याला भट्टीवर घ्यायचं नाही असा नियम. थोरल्या मालकांनी पोराकडं बघितलं, त्याच्या आईकडं बघितलं, आणि मुनीमाला म्हणाले, "लिव्हा की अठरा! भूक काय वय इचारून लागतीया व्हय?" मुनीमानं लिहिलं अठरा, आणि जन्मतारीख ठोकून दिली एक जून. अहो, त्या काळात शाळेतल्या मास्तरांना आणि कारखान्यातल्या मुनीमांना ही एकच तारीख पाठ! निम्मा कारखाना एक जूनला जन्मलेला.

त्या वाढीव तीन वर्षांचं मौलाला कधी काही वाटलं नाही. वाटायला वेळ कुठं होता? खैरुनबीशी लग्न झालं, मंगळवार पेठेत दोन खोल्यांचा संसार झाला. मूलबाळ काही झालं नाही. दोघांनी ते मनाला लावून घेतलं, मग हळूहळू सोडलं. खैरुनबी डब्यात दोन भाकरी जास्तीच्या बांधायची, "तुमच्या भट्टीवरल्या पोरास्नी" म्हणायची. मग एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तेव्हापासून संध्याकाळी घराचं कुलूप काढताना मौलाचा हात जड व्हायचा. सकाळी भट्टीपुढं उभा राहिला की परत माणसात यायचा.

सत्त्याऐंशी साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. सगळे त्याला मशीनच म्हणायचे. त्याच्यापुढं बसायला आली त्रिशला. तिचे वडील आप्पासो पूर्वी ह्याच कारखान्यात साचे करायचे, आणि मौलानं तिला लहानपणी कडेवर घेऊन हिंडवलेलं. म्हणून ती साऱ्या ऑफिसादेखत त्याला चाचा म्हणायची, आणि चाचा उगीच मिशीत हसायचा.

त्रिशलानं मशीनीत तीन तक्ते केले. एकात माणसं, दुसऱ्यात हजेरी, तिसऱ्यात पगार. प्रत्येक कामगाराला मिळालेल्या तिकीट नंबरानं तिन्ही एकमेकांना बांधलेले, त्यामुळं एका ठिकाणी बोट लागलं की बाकीच्या ठिकाणी हलायचं. आणि नेमकं तेच झालं. चमन नावाच्या पोराची हजेरी ऑफिसातल्या कुणीतरी बदलली. चुकून म्हणा, मुद्दाम म्हणा. चमन गळा काढून सांगतोय, "मी आलतो की!" आणि मशीन म्हणतंय गैरहजर. कागदावर खोडलं तर खालचं अक्षर तरी दिसतं, इथं मागमूस नाही. पोरं भडकली. भट्टी पेटवायला कुणी तयार होईना.

मौला तडक त्रिशलाकडं गेला. "पोरी, ह्येला कुलूप घाल. एकदा आत गेलेल्याला कुणाचा हात लागता कामा न्हाय."

तिनं तसंच केलं. नवी ओळ घालता यायची, पण जुन्या ओळीतलं अक्षर हलायचं नाही. चूक झालीच तर चुकीची ओळ आहे तिथंच राहणार, आणि दुरुस्तीची ओळ तिच्याखाली येणार, दोन्ही सगळ्यांना दिसणार. कुलूप उघडायचा शब्द एकट्या त्रिशलाला ठाऊक. मौलानं गेटवर उभं राहून पोरांना सांगितलं, "आता मशीनीत खाडाखोड न्हाय. माझा शबुद हाय ह्यो." मौलाचा शब्द म्हटल्यावर कोण काय बोलणार! भट्टी पेटली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच मशीनीनं कागद काढला: मौला मुजावर, अठ्ठावन्न पूर्ण, महिनाअखेर निवृत्त.

मौलानं कागदाची घडी करून टोपीत ठेवली. खरं वय पंचावन्नाच्या घरात, अंगात ताकद, आणि घरी काय तर कुलूप! तो मशीनच्या खोलीशी गेला आणि तसाच परत आला. पुन्हा गेला, पाणी पिऊन आला. शेवटी एका दुपारी खुर्चीवर बसला आणि टोपी हातात घेऊन फिरवत राहिला.

"चाचा, बोला की," त्रिशला म्हणाली.

"पोरी... ती तीन वर्सं माझी न्हाईत गं. थोरल्या मालकांनी पोटासाठी घातलेली. तेवढी काढून टाक. घरात बसून मी करू काय? भिंतीशी बोलू?"

त्रिशलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं शब्द टाकला आणि कुलूप उघडलं. मौलाची ओळ समोर आली. आता आकडा बदलायचा, बस्स.

एवढ्यात रजेची चिठ्ठी घेऊन चमन दारात आला. आत मौलाला बघून तो खुलला. "चाचा हितं बसलाय व्हय? मग मशीन नीट हाय! मी आता हजेरी बघायबी येत न्हाय, तुमच्या शबदावर सोडून दिलंय." चिठ्ठी ठेवून गडी गेलासुद्धा.

मौलाला तोंडात मारल्यासारखं झालं. त्रिशलाचं बोट अजून बटनावरच होतं. त्यानं ते अलगद बाजूला केलं.

"बंद कर, पोरी."

"चाचा, कुणाला कळणार न्हाय."

"मला कळंल की. आन् तुझ्या मशीनीवर मग कोण इस्वास ठेवंल? बंद कर."

तो उठून गेला. त्रिशलानं डोळे पुसले आणि थेट मालकांच्या केबिनमध्ये शिरली. बापूसोंनी सगळं ऐकून घेतलं. मौला पहिल्यांदा आला त्या दिवशी शेडात तेही होते, आईचा पदर धरून उभं राहिलेलं ते पोरगं त्यांना आठवत होतं. "वडलांनी लिव्हलेलं मी कसं खोडू गं?" ते म्हणाले.

"खोडू नका, मालक. खाली नवी ओळ घाला."

महिनाअखेरीला निरोप झाला. शाल झाली, नारळ झाला, पोरं ढसाढसा रडली. बापूसो नारळ देताना मौलाच्या कानाशी वाकले. "मौला, शाल घरात ठेव आन् उद्या सकाळी परत ये. नव्या पोरास्नी भट्टी शिकवायला माणूस पायजे. दुसरा कोण हाय मला?"

मौलाचा जीव भांड्यात पडला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी गेट उघडायच्या आधीच गडी गेटवर हजर!

त्रिशलानं नवं तिकीट दिलं, नवी ओळ उघडली. वर जुनी तशीच होती, एक जूनवाली. "चाचा, जन्मतारीख काय घालू? ह्या खेपेला खरी पायजे."

जन्मात पहिल्यांदा त्याला कुणीतरी हे विचारत होतं. मौला गोंधळला, मग हळूहळू आठवत बोलायला लागला. "आई म्हनायची, दिवाळीच्या पाडव्याला गुऱ्हाळावर पहिली काहील चढली, आन् गुळाचा वास घरात आला तवा मी झालो. कितवं साल त्ये बोटावर मोजून सांगायची बिचारी. पर तवा लिव्हून कोण घेतंय?"

त्रिशलानं जुनं पंचांग मागवून घेतलं, त्यातनं तो पाडवा हुडकून काढला आणि तारीख घातली. मग ती मोठ्यानं वाचून दाखवली. मौलानं परत वाचायला लावली. तिनं परत वाचली. पडद्यावरच्या त्या तारखेला त्यानं, आईच्या पायाला लावावा तसा, हात लावला आणि कपाळाला नेला.

"घाल कुलूप, पोरी," तो म्हणाला.