चूपमिस्त्री आणि किंचाळणारा पट्टा

गाडीच्या फॅनबेल्टला मी जवसाचं तेल लावलं होतं. कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीला लावतात तसं, बोटानं, अगदी मायेनं चोळून. "एवढ्याशा ची-चीसाठी मिस्त्री कायले पायजे?" असं बायकोला ऐकवूनही झालं होतं. मोहाडीच्या वेशीपर्यंत गाडी गुणी बाळासारखी चालली. मग बॉनेटमधून वाफ निघाली, आणि त्या वाफेला फोडणीचा वास होता.

वेशीवरच्या टिनाच्या शेडमधून मिस्त्री आले. बॉनेट उघडून त्यांनी नाक आत घातलं. "भाजी कोनती टाकली, भाऊ?" मी तेलाची हकीकत सांगितली. ते हसले नाहीत, हे जास्त लागलं. "पट्टा पुलीले घट्ट धरते, म्हणून पंखा फिरते अन् पाणी फिरते. तुमी त्याचा हातच निसटवला. ओरडणाऱ्याचं तोंड बांधू नका, काहून ओरडून राहिला ते इचारा."

ही एकोणीसशे सत्तरच्या दशकातली गोष्ट. भंडाऱ्यात आमची धानाची अडत. थोरल्या भावानं अकलेनं ट्रॅक्टर घेतला आणि मी हौसेनं, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान असलेली एक मोटार. त्यामुळे मिस्त्रींची आणि माझी गाठ घट्ट पडली.

सगळा गाव त्यांना चूपमिस्त्री म्हणायचा, कारण बॉनेट उघडलं की त्यांचा पहिला शब्द 'चूप'. तहसीलच्या जीपमधून उतरलेल्या साहेबालाही त्यांनी, "साहेब, चूप," म्हणून बाजेवर बसवलेलं मी पाहिलं आहे. मग लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनावर आणि मूठ कानाला. डोळे मिटलेले. इतर मिस्त्री पट्टा अंगठ्यानं दाबून पाहतात, त्याचा त्यांना भारी राग. म्हणायचे, "अंगठा कागदाले, कान गाडीले."

किंचाळणारा पट्टा ओळखायची त्यांची रीत साधी होती. चालत्या पट्ट्यावर चुळकाभर पाणी शिंपडायचं. "पाण्यानं गप बसला तं पुली वाकडी. पाण्यानं अजून बोंबलला तं पट्टा ढिला." हे ज्ञान मिळाल्यावर मी घरी स्वतः प्रयोग केला. चुळकाभर म्हणजे किती हे न कळून अख्खा तांब्या ओतला. डायनमोची आंघोळ झाली आणि मोटार बैलगाडीला बांधून मला मोहाडीला जावं लागलं. "पट्ट्याले तहान लागली होती का, भाऊ?" एवढंच त्यांनी विचारलं.

अशी दहा-बारा वर्षं गेली. बस स्टँडजवळ नवं गॅरेज निघालं आणि म्हाताऱ्याचे कान गेले अशी कुजबुज सुरू झाली. मी ती उडवून लावली. माणसं ओळखण्यात आपला हात कोण धरणार!

मेव्हणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, अड्याळला होतं. निघताना पट्टा किंचाळायला लागला, म्हणून वाट उलटी असूनही आधी मोहाडीच्या शेडवर गेलो. बायको गाडीतच बसली. बाजेवर दोन जीपवाले ड्रायव्हर होते. इथं थांबावं की नव्या गॅरेजला जावं, याच विचारात. मिस्त्रींनी पट्टा ताणला, इंजिन चालू करायला लावलं, पाणी शिंपडलं, पेचकस कानाला लावला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "झाला ना बंद?"

पट्टा असा बोंबलत होता की बाजेखालचं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे गेलं. ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे पाहू लागले. नाही म्हणालो असतो, तर शेडचं दार त्याच दिवशी लागलं असतं.

"झाला, झाला," मी म्हणालो. "एकदम झकास!"

मिस्त्री क्षणभर माझा चेहरा न्याहाळत राहिले. मग हातानं इंजिन बंद करायची खूण केली, वाकले आणि पट्ट्यावर अंगठा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच असावा. पहारीनं डायनमो बोटभर मागे रेटला, नट कसला. इंजिन पुन्हा चालू केलं, तर या वेळी पट्टा खरंच गप्प झाला होता.

दाराशी येऊन ते हळूच म्हणाले, "असा चिरका आवाज दोन सालांपासून आयकू येत नाही, भाऊ. माणसाच्या तोंडावरून समजून घेतो. त्या दोघांपुढं तुमी माही लाज राखली. पण पुन्हा असं खोटं नका बोलजा. अशा झकास गाडीनं रस्त्यात माणूस मरते."

दिवाळीआधी त्यांनी शेड स्वतःच बंद केली. प्रत्येक गिऱ्हाईकाला त्याच्या गाडीची खोड नीट समजावून नव्या गॅरेजला पाठवलं आणि लेकाकडे तुमसरला निघून गेले. निरोप घ्यायला गेलो, तेव्हा बोलायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

साक्षगंधाच्या त्या दिवशी मात्र अड्याळच्या वाटेवर मला मिस्त्रींखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं. म्हातारा कसा चेहऱ्यावरून सगळं वाचतो, मी कसा पकडला गेलो, हे मी मोठ्यानं सांगत होतो. मेव्हणीच्या होणाऱ्या सासरच्या दारात गाडी उभी राहिली, तेव्हा बायको म्हणाली, "त्या बिचाऱ्याले आयकू येत नाही, तरी त्याले सारं समजलं. तुमचे दोन्ही कान साबूत हायेत, अन् मी भंडारा सोडल्यापासून बोंबलून राहिली का माह्या शालूचा पदर दरवाज्याच्या बाहेर लोंबून राहिला."