टाचा उचललेल्या नवरीसाठी नोटीस

लग्नाची पत्रिका आली की मी आधी जेवणाचं ठिकाण बघतो. त्या दिवशी मात्र पाकीट उघडलं आणि ओरडलोच. लग्न हुडकेश्वरच्या ओळखीच्यांकडचं, आणि पत्रिकेवर चित्र आमच्या पोरीने काढलेलं! अंतरपाटाआडून टाचा उचलून पलीकडे डोकावणारी नवरी. अंतरपाटाला करवती काठ, आमच्या घराण्याच्या मागावर विणला जायचा तसा. आता माग कोणी चालवत नाही, मी तर कचेरीत फायली चालवतो. पोरीने मात्र टॅबलेटवर त्या काठाचा दात न् दात काढला होता.

"अवं, आपली पोरगी फेमस झाली," मी बायकोला सांगितलं.

पोरीने पत्रिका पाहिली आणि मटकन खुर्चीत बसली. एक कंपनी तेच चित्र कॅलेंडरसाठी घेणार होती. तिचं पहिलंच मोठं काम. मुळात ते तिने माझ्या भाचीच्या लग्नपत्रिकेसाठी काढलं होतं; तिथे ते छापलंय हे तिने कंपनीला कळवलं होतं, ते त्यांना चालत होतं. त्याखेरीज ते कुठेच वापरात नाही, असं आठवड्याभरात लिहून द्यायचं होतं.

मी पत्रिका उलटली. मागे सदर भागातल्या त्याच छापखान्याचं नाव, जिथे भाचीची पत्रिका मीच छापून घेतली होती. तेव्हा मालकाने चित्राची तारीफ केली आणि मी फुगून म्हणालो होतो, ठेवा ना तुमच्याकडे, लोकांना दाखवा. हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. सांगावं लागलं.

"चित्र काढलं तिनं, अन् दान करून राहिले तुम्ही," बायको म्हणाली.

पोरीने छापखान्यात तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच, तुमच्या बाबांनीच दिलं. मग आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. नोटिशीचा मसुदा मी घरूनच लिहून नेला होता. 'सविनय सादर' असा आरंभ आणि 'तसदीबद्दल क्षमस्व' असा शेवट. बाई म्हणाल्या, ही नोटीस नाही, रजेचा अर्ज आहे. त्यांनी पोरीची मूळ फाइल आणि ती बनवल्याच्या तारखा पाहिल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"लिहून दिलं होतं काही?"

"नाही. नुसतं बोललो."

"चित्र तिचं, ती सज्ञान. त्यात तुमचं काय होतं, की तुम्ही देणार?"

माझं काहीच नाही हे ऐकून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. नोटिशीत वाक्य आलं: 'माझ्या पक्षकाराच्या वडिलांना या चित्राबाबत कोणताही अधिकार नव्हता व नाही.' ते मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. कोणाला नवल वाटलं नाही. पुढे मागण्या होत्या: छपाई थांबवा, नमुन्यांच्या अल्बममधून चित्र काढा, फाइल पुसा, आणि आजवर कुठे कुठे वापरलं ते चार दिवसांत लेखी कळवा.

तिसऱ्याच दिवशी मालकाचा फोन आला, या म्हणून. सदरपर्यंत मी स्कूटर अशी पळवली की पोरीने मागून माझा खांदा धरून ठेवला.

"काहून गा भाऊ," मालक मला म्हणाला, "नोटीस कायले पाठवली? सांगतलं असतं तं काढलं असतं."

"तीन फोन केले होते काका," पोरगी म्हणाली.

इतक्या शांतपणे म्हणाली की मीच सरळ उभा राहिलो. मालकाने अल्बममधून ती पत्रिका काढून तिच्या हातात दिली, आमच्यासमोर फाइल पुसली. मग लेटरहेडवर लिहून दिलं: हुडकेश्वरच्या एका लग्नापुरतं विनापरवानगी वापरलं, दुसरीकडे कुठे दिलं नाही, पुढे वापरणार नाही. सही, शिक्का. तिने तिथेच फोटो काढून कंपनीला पाठवला. मालकाने चहा मागवला. मी तिच्या फोनकडे असा बघत होतो जणू माझाच निकाल लागायचा आहे.

चहा हातात आला तेवढ्यात उत्तर आलं. कागद पुरेसा आहे, आणि नवरीची साडी हिरव्याऐवजी पिवळी करता येईल का?

"म्हणजे घेतलं?" मी विचारलं.

"घेतलं, बाबा."

पिवळी काय, जांभळी करू, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पोरीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा मोठा घोट घेतला, जीभ भाजली, आणि तिने फोनवर लिहिलं: विचार करून सांगते.