खऱ्या वर्षांचा रकाना

नियुक्तीचा आदेश शेवटून वाचायची सवय मला अकोल्यात लागली. एम.एस्सी. झाल्यावर चार वर्षं मी तिथल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे सगळे ज्याला सीएचबी म्हणतात त्यावर, संख्याशास्त्र शिकवलं. जेवढे तास शिकवू तेवढ्याचं मानधन आणि दर वर्षी नवा आदेश. आदेशाची सुरुवात वाचून छाती भरून यायची: 'आपली सहायक प्राध्यापक या पदावर नियुक्ती करण्यात येत आहे.' शेवटच्या कलमात लिहिलेलं असायचं, की आपली सेवा कोणतीही पूर्वसूचना न देता समाप्त करता येईल. पहिल्या वर्षी मी वरचं वाक्य बाळापूरला घरी वाचून दाखवलं आणि आईने अख्ख्या गल्लीत साखर वाटली. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आदेश संपला आणि मी घरी येऊन बसले. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून विचारायच्या, "काहून वो बाई, तुह्यं कालेज बंद पडलं का?"

दुसऱ्या वर्षापासून आदेश हातात पडला की मी आधी शेवटचं कलम वाचायचे, मग मुदतीची तारीख, आणि पदाचं नाव सगळ्यात शेवटी.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा बाळापूरच्या एका बँड पार्टीत मोठा ढोल वाजवतात. आई चौथीपर्यंत शिकली. तिला माझ्या विषयातलं काही कळत नव्हतं, पण एक प्रश्न ती दर रविवारी न चुकता विचारायची, "परमनंट कदी होशीन?"

पाचव्या वर्षी, सत्र सुरू असतानाच, मी ते काम सोडलं. अमरावतीत राजापेठेच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर, पुण्याहून परत आलेल्या एका माणसाने छोटं ऑफिस काढलं होतं. आम्ही त्यांना सर म्हणायचो. अमेरिकेतली एक कंपनी तिकडच्या फुटबॉल खेळाडूंना आणि त्यांच्या एजंटांना करारांबद्दल सल्ला द्यायची. तिला आकडेवारीची माणसं हवी होती. काम मिळेलच असं नव्हतं. आधी सहा आठवड्यांची चाचणी होती. ती पार पडली तर वर्षभराचं काम आमच्या ऑफिसला आणि मला कायम नोकरी. नाही पडली, तर माझे कॉलेजातले तास एव्हाना दुसऱ्या मुलीला दिलेले होते. परत जायला जागा नव्हती.

घरी सांगायला गेले तेव्हा बाबा ढोलाच्या दोऱ्या आवळत बसले होते.

"फुटबॉल? पायानं खेळतेत तो?"

"नाही बाबा, हा हातात धरून पळतात."

"मंग फुटबॉल काहून म्हनतेत?"

"ते मलाही माहीत नाही."

"बाप्पा! तुले खेळ ठाऊक नाई, त्याहिले नाव ठेवता येत नाई, अन् तू सांगशीन कोनाले घ्याचं अन् कोनाले नाई!" बाबा हसत हसत आईला म्हणाले, "आयकून राहिली का वो?"

आईने एवढंच विचारलं, "परमनंट हाय का?"

"होऊ शकते," मी म्हणाले.

ऑफिसात माझ्याशिवाय आणखी एक जण चाचणीवर होता. अकोल्याचाच, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, क्रिकेटच्या लिलावाचा नाद असलेला. त्याने मला चहाचे कागदी कप टेबलावर मांडून हा खेळ शिकवला. मधे एक कप म्हणजे चेंडू फेकणारा, क्वार्टरबॅक. त्याच्या पुढे पाच कप ओळीने. हे पाच जण चेंडूला जवळजवळ कधीच हात लावत नाहीत. समोरून अंगावर येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच त्यांचं काम. "मॅडम, याहिचं नाव कोनी घेत नाई," तो म्हणाला, "पन हे पडले का मधला कप चपटा." आणि त्याने खरोखरच कप चपटा करून दाखवला. त्यात चहा उरलेला होता. एका कराराचं पहिलं पान अजूनही पिवळं आहे.

प्रत्येक संघाने वर्षभरात खेळाडूंवर किती खर्च करायचा, याची मर्यादा लीगच ठरवून देते. त्या मर्यादेत त्रेपन्न माणसं बसवायची. आमच्या चाचणीसाठी एका जुन्या मोसमातल्या एका संघाचे करार नावं खोडून आले होते. ऐंशीच्या वर खेळाडू, आणि ओळख म्हणून प्रत्येकाला फक्त एक क्रमांक. पुढच्या मोसमासाठी त्यातले त्रेपन्न कोणते ठेवाल आणि दोन वर्षांनंतर त्यातलं कोण संघात असेल, हे आम्ही सांगायचं. मग ते आमचं उत्तर प्रत्यक्षात घडलेल्याशी ताडून पाहणार.

प्रत्येक कराराच्या वर एक पानाचा गोषवारा होता. त्यावरून आम्ही पाच आठवडे काम केलं. 'मुदत: पाच वर्षे' असं दिसलं की आम्ही तो माणूस पाच वर्षांसाठी पक्का धरायचो. सर म्हणायचे, "पाच वर्षांची सही झालीय, म्हणजे तो कुठं जात नाही." मीही तेच धरलं होतं. आमच्याकडे एकदा कायमचा कागद हातात आला की माणूस निवृत्तीपर्यंत हलत नाही, आणि एवढ्या कोटींचे करार कायमचेच असणार, असं आम्ही तिघांनीही न बोलता गृहीत धरलं होतं. माझे स्वतःचे आदेश मला त्या वेळी आठवलेही नाहीत. ते गरिबांचे कागद होते ना!

शेवटच्या आठवड्यात, सोमवारी दुपारी, क्रमांक सतराची दुखापतीची नोंद सापडेना म्हणून मी त्याचा मूळ करार उघडला. सतरा हा त्या संघाचा हिरो होता, चेंडू झेलणारा. पाच वर्षांचा करार, त्यातली दोन झालेली. पानं बरीच होती आणि हाताला सवय जुनी, म्हणून मी शेवटाकडून वाचायला लागले.

तिथे लिहिलं होतं, की संघाला वाटेल तेव्हा या खेळाडूला मुक्त करता येईल. पुढच्या तीन वर्षांचा पगार तो संघात असला तरच. आणि मार्चमधल्या एका ठरावीक तारखेला तो संघात असला तर त्याला मोठा बोनस मिळणार होता.

मला आधी हसू आलं. मग मी उठून उभीच राहिले.

"काय झालं मॅडम?" सहकाऱ्याने विचारलं.

"हा तासिका तत्त्वावर आहे," मी म्हणाले.

"कोन?"

"सतरा नंबर."

"एवढ्या कोटीचा मानूस अन् सीएचबी? काहून मजाक करून राहिल्या!"

"आदेश वाच. शेवटून."

त्याने वाचला. मग त्याने अठरा नंबर उघडला, मग एकोणीस. मग म्हणाला, "मॅडम, हे त सगळेच तुमच्या कालेजचे निंघाले."

सरांना पटवणं सोपं गेलं नाही. शुक्रवारी उत्तर पाठवायचं होतं, पाच आठवड्यांचं काम झालेलं होतं, आणि ऑफिस चालणार की नाही हे याच उत्तरावर होतं. "तुम्ही त्यांच्या हिरोलाच बाहेर काढताय," ते म्हणाले. "चुकलं तर आपलं हसं होईल."

"सर, माझं कॉलेज मला सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मोकळं करायचं. हेही बोनसच्या तारखेच्या आधी त्याला मोकळं करतील. मी चार वर्षं हे बघितलंय."

त्यांनी सतराचा करार ओढून घेतला आणि शेवटचं पान वाचलं. मग म्हणाले, "चार दिवस आहेत. ऐंशी करार. जमेल?"

त्या 'जमेल?'साठी मी त्यांची आजही ऋणी आहे. नाही म्हणायला त्यांच्याकडे पुष्कळ कारणं होती.

आम्ही करार वाटून घेतले. मी तक्त्यात एक नवा रकाना उघडला आणि वर लिहिलं, 'खरी वर्षं'. कागदावर किती ते बाजूला ठेवायचं आणि त्या माणसाला काढणं संघाला कधी परवडेल तेवढंच शोधायचं. मंगळवारी कळलं की प्रकरण एवढं सरळ नाही. सही करताना खेळाडूला जी मोठी रक्कम मिळते ती मर्यादेच्या हिशेबात वर्षावर्षांत पसरवलेली असते, आणि त्याला मधेच काढलं तर उरलेली सगळी संघाच्या अंगावर येते. ज्याची अशी रक्कम मोठी आणि करार नवा, त्याला काढणं ठेवण्यापेक्षा महाग. तो तेवढ्यापुरता खरंच परमनंट. सतराची ती रक्कम मुळातच लहान होती.

बुधवारी क्रमांक एक्केचाळीस समोर आला. पुढच्या ओळीतला, अडवणारा. वय बत्तीस, पगार कमी, करार एक वर्षाचा. सर म्हणाले, "याचं तर कागदावरच एक वर्ष आहे. हा जाणार."

मला अकोल्याच्या आमच्या विभागातले एक सर आठवले. अकरा वर्षं ते दर वर्षी नव्या आदेशावर शिकवत होते. सकाळी सातचा तास कोणाला नको असेल तर त्यांना, प्रात्यक्षिकाच्या वह्या त्यांना, कोणी रजेवर गेलं की तो वर्गही त्यांना. त्यांना कायम कोणी केलं नाही आणि त्यांच्यावाचून विभाग एक दिवसही चालला नाही. माझे पहिले तास घेण्याआधी फळ्यासमोर कसं उभं राहायचं ते त्यांनी मला शिकवलं होतं. मी एक्केचाळीसचा जुना इतिहास बघितला. ओळीतल्या तीन वेगवेगळ्या जागांवर तो खेळलेला होता, जिथे माणूस कमी पडेल तिथे. त्याच्या जागेसाठी राखीव असलेले दोघे अगदीच नवखे होते.

त्याच्या खऱ्या वर्षांच्या रकान्यात मी दोन लिहिलं. कागदावर एक, खरी दोन. संपूर्ण तक्त्यात असा तो एकटाच होता.

"नक्की?" सरांनी विचारलं.

"दर वर्षी त्याला नवा आदेश देतील. मानधन वाढवणार नाहीत, पण आदेश देतील."

शुक्रवारी दुपारी चार वाजता उत्तर गेलं. नंतरचे दहा दिवस मला जेवण गोड लागलं नाही. दुसऱ्या रविवारी मी मूर्तिजापूरमार्गे एसटीने अकोला आणि तिथून बाळापूर गाठलं. बाबांनी माझा चेहरा बघून विचारलं, "किती मानसं निवडाची होती?"

"त्रेपन्न."

"त्रेपन्न! एवढा मोठा बँड! अन् राखीव?"

"त्यातच धरून."

"मंग ठीक." त्यांनी ढोल पुढे ओढला. "मांगच्या सालात आमच्या मास्तरानं सारा पैसा गानारीवर लावला. दोन वराती एका दिवशी आल्या, अन् झांज वाजवाले मानूस नाई. म्या एका हातानं ढोल अन् एका हातानं झांज." त्यांनी तसं करून दाखवलं, आणि दहा दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर हसले.

निकाल सांगायला अमेरिकेतल्या बाई संध्याकाळी सात वाजता पडद्यावर आल्या. त्यांच्याकडे सकाळ होती. आम्ही तिघं एकाच लॅपटॉपसमोर दाटीवाटीने बसलो. त्यांनी आमचा तक्ता उघडला आणि प्रत्येक क्रमांकापुढे हिरवी किंवा लाल खूण करत खाली येऊ लागल्या. क्वार्टरबॅक लाल. आम्ही म्हटलं होतं जाईल. त्याने करार बदलून घेतला आणि राहिला. मग हिरवं, हिरवं, एक लाल, पुन्हा हिरवं.

सतरावर त्या थांबल्या. बोनसच्या तारखेच्या दोन दिवस आधी संघाने त्याला मुक्त केलं होतं. हिरवं. त्या म्हणाल्या, बहुतेक लोक याला ठेवतात.

एक्केचाळीस. एका वर्षाचा करार, मग पुन्हा एका वर्षाचा करार. दोन वर्षांनीही तो त्याच संघात खेळत होता. हिरवी खूण करून त्यांनी चष्मा काढला. त्याच्यापुढे एवढं बरोबर उत्तर आजवर कोणी लिहिलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. आणि विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात?

सरांनी माझ्याकडे बघितलं.

"कॉलेजमध्ये," मी म्हणाले.

सहकाऱ्याला एवढं हसू फुटलं, की तो पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेला आणि जिन्यात जाऊन ओरडला. खालच्या झेरॉक्सवाल्याने दुकानातून विचारलं, "काय झालं रे, मॅच जिंकली का?"

"जिंकली काका, जिंकली!"

काम मिळालं. अकोल्याच्या त्या सरांना मी त्याच संध्याकाळी फोन केला आणि एक्केचाळीसची सगळी हकिगत सांगितली. ते खदखदून हसले. "म्हणजे माझी केस अमेरिकेत पास झाली म्हणायची!"

पुढच्या सोमवारी सरांनी नियुक्तिपत्र माझ्या हातात दिलं आणि स्वतःच म्हणाले, "वाचा. शेवटून वाचा, मला चालेल." शेवटचं कलम असं होतं, की कोणत्याही बाजूने नोकरी संपवायची असल्यास दोन महिने आधी लेखी कळवावं लागेल. त्याच्या वरचं, की उन्हाळ्यातही पगार सुरू राहील. मुदतीच्या रकान्यात तारीखच नव्हती. मी वर वर जात राहिले आणि सगळ्यात शेवटी माझं नाव आलं.

घरी आईला मी ते तसंच, खालून वर, वाचून दाखवलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे काढाचं असन त दोन महिने आंधी सांगा लागन?"

"हो."

"अन् उनाऱ्यातही पगार?"

"हो आई."

"मंग हे परमनंट हाय." आणि ती पिशवी घेऊन पेढ्यांना निघाली. साखर या वेळी तिला पुरेशी वाटली नसावी.

ती पेढे घेऊन आली, तेवढ्यात बाबांच्या बँडचे मास्तर पुढच्या लगीनसराईचं बोलायला दारात आले. पेढा तोंडात टाकून मला म्हणाले, "मॅडम, अमेरिकेचे संघ लावता, आता आमचाही बँड लावून द्या."

मी काही बोलायच्या आधी बाबाच म्हणाले, "लावन ना ती. पन मास्तर, माही पोरगी शेवटचं कलम आंधी वाचते. तुमी त इतके सालं कागदच देल्ला नाई."

मास्तरांचा दुसरा पेढा हातातच राहिला. त्या मोसमापासून बाबांच्या बँडमध्ये सगळ्यांना कागद मिळतो. तो मीच लिहून दिला आहे, आणि त्याचं शेवटचं कलम मी सगळ्यात आधी लिहिलं.