विमल कुठवर आली

हे मी आजवर कुणापुढं बोलले नाही. नवऱ्याला नाही, विमलला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय — का, ते माझं मलाच कळत नाही.

विमल माझी धाकटी बहीण, शिकागोला दिलेली. मी नांदेडच्या शाळेत भूगोल शिकवायची. त्या साली लातूर नुकताच जिल्हा झाला होता. चौकात कमानी होत्या — अन् नळ कोरडे. माय अंथरुणाला खिळली म्हणून रजा टाकून मी लातूरला आले. टँकरमागं घागर घेऊन पळायची, तांब्याभर पाण्यात तिचं अंग पुसायची. आणि माय? डोळे उघडले की विचारायची, "विमीचं काही आलं का गं?"

डॉक्टर म्हणाले, आठवडाभर काढतील. त्याच दुपारी शेजारच्या अडत दुकानात विमलचा फोन आला. "ताई, निघू का मी?"

हिशेब मला पाठ होता. शिकागोहून लंडन आठ तास, तिथं थांबा, पुढं मुंबई नऊ-दहा तास, मग रात्रीची एसटी. दोन-अडीच दिवसांत ती दारात आली असती. भूगोलाची बाई मी — चुकेन कशी?

"नको येऊस," मी म्हणाले. "आजची रात्र निघायची न्हाई म्हणतेत डॉक्टर. तू पोचायची न्हाईस."

ती रडत होती. मी फोन ठेवला.

राग होता का? असेल. पण खरं सांगू — मला माय एकटीला हवी होती. तेवढे दिवस तरी.

घरी आले तर माय म्हणाली, "निघाली का?" आणि मी — हाव म्हणाले.

मग रोज तेच. "आता कुठवर आली असंल?" मी तिच्या उशाशी बसून सांगायची — समुद्रावर आलीय माय, खाली ढगच ढग, पिंजलेल्या कापसावानी. माय डोळे मिटून ऐकायची. "पाणी देतेत का गं विमानात?" "हाव, मागंल तेवढं." लंडनला मी धुकं पाडलं, विमान दोन दिवस थांबवलं. मग वाळवंट आणलं, मग अरबी समुद्र. किती निळं निळं सांगत होते मी! बोलता बोलता मलाच वाटायचं, विमल खरंच येतेय.

सहाव्या दिवशी माय म्हणाली, "लई लांब हाय गं." दुपारी गेली.

विमल नंतर आली. "डॉक्टरसुद्धा किती चुकतात ना, ताई," म्हणाली. मग तिनं हळूच विचारलं — "मायनं माझं नाव काढलं होतं का?"

"न्हाई," मी म्हणाले. "तिला शुद्धच नव्हती."

शुद्ध होती. शेवटच्या दुपारपर्यंत होती. मला तिची कूस बदलू देत नव्हती ती — दाराकडं तोंड करून पडून होती.