सूपभर सुकट

माझ्या सासूबाईंच्या जिभेला हाड नाही, हे सगळं भाट्ये गाव जाणतं. पण ती जीभ एक दिवस माझ्या लेकीच्या तोंडातून कलेक्टर कचेरीत बोलेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

लेक म्हणायचीही तेव्हा मला चोरी होती. दत्तक संस्थेतून ती घरी आली तेव्हा पाच वर्षांची होती. घरी आली, पण कायद्याने आमची झाली नव्हती. कलेक्टरांकडून दत्तकाचा आदेश होईपर्यंत ती आमच्याकडे फक्त सांभाळायला. तोवर काही वावगं आढळलं तर मूल परत जाऊ शकतं, हे संस्थेच्या ताईंनी अगदी शांतपणे सांगितलं आणि माझी झोप उडाली. दाराशी कुणाची मोटारसायकल थांबली तरी मी आधी पोरीला आत घ्यायची. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, त्याला कुठेही झोप लागते. मी मात्र रात्री उठून पोरगी जागेवर आहे ना ते बघायची आणि वर त्याला हलवून विचारायची, "हिला परत नेणार नाहीत ना?"

ताईंनी बजावलं होतं, मुलीपासून काही लपवू नका, तिला कळेल असं सांगा. म्हणून मी चित्रं काढून गोष्ट तयार केली. एक आई, एक बाबा आणि ते जिची वाट बघत होते ती मुलगी. लेकीने सगळी गोष्ट नीट ऐकून घेतली, उठली आणि आजीकडे जाऊन म्हणाली, "आजी, मी कुठनं आले?"

सासूबाई पडवीत सुकट निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुला ह्या सुकटीवर घेतली. चांगली सूपभर दिली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आई, पोरीला विकत घेतलं म्हणून सांगता? उद्या बाहेर बोलली तर?"

"बोलूंदे. खरा हाय ता."

नवरा हसत होता. त्यालाही लहानपणी हेच ऐकवलेलं. कुणाला कोंड्यावर घेतलेलं असतं, कुणाला बोहारणीकडून. आपल्याकडे असं चिडवल्याशिवाय पोरं मोठी होत नाहीत. हेही तसलंच, म्हणून मी विषय सोडला, पण धाकधूक काही गेली नाही.

सुनावणीच्या दिवशी मी लेकीला दोन वेण्या घातल्या आणि विचारतील तेवढंच बोल, असं दहादा सांगितलं. सासूबाईंना घरीच थांबा म्हणणार होते, तर त्या आधीच रिक्षात बसलेल्या. कचेरीत त्यांना बाहेरच्या बाकड्यावर बसवलं आणि आम्ही तिघं ताईंबरोबर आत गेलो.

अधिकारी मॅडम बोलायला मऊ होत्या. आमचे कागद बघून झाल्यावर त्यांनी लेकीला जवळ बोलावलं. "तू या घरी कशी आलीस, बाळा?"

"आजीने मला विकत घेतलं," लेक खणखणीत आवाजात म्हणाली.

ताईंचा चेहरा उतरला. मुलासाठी काही देणं-घेणं झालं तर तो गुन्हा, हे आम्ही वाचून खाली सह्या केल्या होत्या. नवरा काही बोलायला गेला तर मॅडमनी हातानेच त्याला थांबवलं.

"किती पैसे दिले आजीने?"

"पैसे नाही. सूपभर सुकट."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजींना आत बोलवा."

सासूबाई आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मी गणपतीला साकडं घातलं, आज एक दिवस ह्या बाईला खोटं बोलायची बुद्धी दे.

"आजी, ही मुलगी तुम्ही विकत घेतली?"

"होय. घेतली."



"कुणाकडून?"

"शेजारणीकडनं." सासूबाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. "बाय, ह्याच्या आधीची माझी दोन पोरा ऱ्हायली नाय. मग हा झाला तेव्हा शेजारणीच्या ओटीत घातला नि पसाभर सुकट देऊन परत घेतला. हा ऱ्हायला. आता ही यायची ठरली तेव्हापासनं सून रोज रडते, हिला परत नेतील म्हणून. मी कागद काय वाचणार? घरी आणली त्याच दिवशी शेजारणीच्या ओटीत घातली, सूपभर सुकट दिली नि घेतली. इकत घेतलेला पोर परत कोन मागत नाय. देव पन नाय."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन पोरं गेल्याचं कानावर होतं, पण ओटीचं कधी कुणी बोललं नव्हतं. लेक घरी आली त्या दिवशी मी पेढे वाटत गावभर फिरत होते. आता माझे डोळे भरून आले आणि तरीही राग जाईना, कारण हे सगळं मॅडमना पटेल याची काय खात्री?

 मॅडम मग लेकीला म्हणाल्या, "विकत घेतलं म्हटल्यावर तुला कसं वाटलं?"

तिने थोडा विचार केला. "बाबा पसाभर होता. मी सूपभर."

"आणि तुला कुणी परत नेईल, अशी भीती वाटते?"

"मला नाही वाटत. आईला वाटते." माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "ती रात्री उठून बाबाला विचारते. मी झोपलेली नसते."

मॅडमनी पेन उचललं. सही व्हायला कितीसा वेळ लागला असेल, मला काही दिसत नव्हतं. ताईंनी पाठीवर हात ठेवून सांगितलं तेव्हा मला कळलं की झालं.

परतताना रिक्षात सासूबाई नवऱ्याशी बाजारातल्या मासळीवरून वाद घालत होत्या. भाट्याचा पूल कधी आला नि कधी गेला, मला आठवत नाही. कुणीतरी खांदा हलवला तेव्हा जाग आली.

"आई, ऊठ," लेक म्हणाली. "घर आलं."