मशेरीचा रकाना

"दात कशाने घासतेस गो?" बाई भेटली की हमीदाआपांचा पहिला प्रश्न हा. जेवलीस का, बरी आहेस का, हे नंतर. मिरकरवाड्याच्या त्या आरोग्यसेविका. मासळीच्या लिलावातल्या बाईलाही त्या उन्हाकडे वळवून "आ कर" म्हणत, आणि बाई टोपली खाली ठेवून आ करी.

तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी एका परदेशी संस्थेने इथल्या रुग्णालयाशी करार केला, तेव्हा आमची ओळख झाली. पैसा आणि तज्ज्ञ तिकडचे, घरोघर फिरणारी माणसं इथली. आकडे ठेवायचं काम माझं. अर्ज तिकडून आला होता. त्याचं मराठी मी तपासलं होतं. चौथा प्रश्न होता : आपण तंबाखू खाता किंवा ओढता का?

पहिल्या महिन्याची बेरीज मी दोनदा पडताळली. तंबाखूचं व्यसन असलेल्या बायका मिरकरवाड्यात जवळजवळ नव्हत्याच. ते पाहून संस्थेच्या परदेशी डॉक्टरीणबाईंनी तपासणीचं पथक दुसऱ्या तालुक्यात हलवायचं ठरवलं.

आपा सरळ बैठकीत आल्या. "सावंतभाऊ, बेरीज तुमची बरोबर. प्रश्न चुकलाय."

तंबाखू तव्यावर भाजून केलेली मशेरी आमच्याकडच्या बायका दिवसातून तीन-चार वेळा हिरड्यांना लावतात. त्याला त्या दात घासणं म्हणतात. आपा बोलत होत्या, मी इंग्रजीत सांगत होतो. इतक्या बायका खोटं बोलल्या का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खोटं कोणी नाही बोललं. नवरा खातो ती तंबाखू, बाई लावते ती मशेरी. तुम्ही मशेरीचं विचारलंतच कुठे?"

हे इंग्रजीत सांगता सांगता मी टेबलावरचा भरलेल्या अर्जांचा गठ्ठा जवळ ओढला. त्या गठ्ठ्यात माझ्या बायकोचा अर्ज होता. चौथ्या प्रश्नापुढे 'नाही', माझ्याच अक्षरात. आमच्या मागच्या पडवीत मशेरी भाजल्याचा वास लग्नापासून रोजचा होता.

पथक इथेच राहिलं. अर्जात नवा रकाना आला, त्यातला प्रश्न आपांनी सांगितला. त्याच संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. "वहिनी, आ करा." गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. तुकडा तपासला, रोग होता, पण नुकता सुरू झालेला. लहानशा शस्त्रक्रियेवर निभावलं. तो 'नाही' मी एकाच रेघेने खोडला, मूळ शब्द वाचता येईल असा, आणि शेजारी 'होय' लिहून सही केली.

गेल्या वर्षी आपा निवृत्त झाल्या. निरोपाला घरी आल्या तेव्हा मी त्यांना सुधारलेला अर्ज दाखवला. तिकडे, इंग्रजीत छापलेला, आणि त्यात 'मशेरी' हा शब्द जसाच्या तसा. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं. मी दाखवलेल्या जागी त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

माझी बायको अभिमानाने म्हणाली, "आपा, मी तर मशेरी केव्हाच सोडली हो."

"ते भाऊ लिहितील कागदावर," आपा खिडकीचा पडदा बाजूला सारत म्हणाल्या. "तुम्ही आ करा."