व्हर्लनचं दूध आणि सूप

व्हर्लन हॅचला पक्षाघात झाला तेव्हा त्याच्या विमानाच्या इंजिनातल्या सगळ्या वायरी सुटलेल्या होत्या. नव्याने ओढायला म्हणून त्यानेच त्या सोडवल्या होत्या. चिठ्ठ्या कुठेच लावल्या नव्हत्या. "डोक्यात आहे सगळं," म्हणायचा.

दवाखान्यातून तो अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या आमच्या छोट्या विमानांच्या गवती धावपट्टीवर परतला, तो शब्द हरवून. उजवा हात लुळा. तेलाला 'दूध' म्हणायचा, इंजिनाच्या पाण्याला 'सूप'. 'नाही' मात्र खणखणीत यायचं.

विमान त्याने आणि बायकोने, नेल्डाने, घरीच बांधलं होतं. इंजिन आदळलेल्या स्पोर्ट्‌स कारमधून काढलेलं, रोटरी. त्यात पिस्टन नाहीत, तिकोनी रोटर गरगर फिरतात. त्यामुळे पट्टीवरचे निम्मे लोक त्याला हसायचे.

त्यात डॉयल पहिला. व्हर्लनचा जुना दोस्त, स्वभावाने चांगला, पण तोंडाला कुलूप नाही.

"नेल्डा, हे धूड विकून टाक," तो म्हणाला. "विमानाचं साधं इंजिन बसवू. कुठली वायर कुठे जाते ते आता कोण सांगणार? हा? हा तर तेलाला दूध म्हणतो!"

"मग आमच्या विमानात दूध असेल," नेल्डा म्हणाली. "तुझ्या पोटात का दुखतंय?"

तिने पांढरी चिकटपट्टी आणली. व्हर्लन बोट दाखवेल, तोंडातून येईल ते बोलेल, आणि ती जसंच्या तसं लिहून चिकटवेल.

पंपाजवळचे दोन सेन्सर मात्र अडले. एक तेलाचा दाब मोजणारा, दुसरा पाण्याचं तापमान, पण दोन्ही पितळी, दिसायला सारखे. डॉयलने एकाला सरळ तापमानाची वायर जोडली.

"नाही!" व्हर्लनने डाव्या हाताने ती उपटली.

"अरे बाबा, मी मदतच करतोय! नेल्डा, त्याला काही कळत नाहीये आता."

व्हर्लनचा चेहरा लालभडक. त्याने दोन्ही सेन्सर इंजिनातून काढायला लावले आणि वायरी मीटरला जोडायला खुणावलं. मग डॉयलच्याच हातातला वाफाळता कॉफीचा मग ओढून घेतला आणि डॉयलने निवडलेला सेन्सर त्यात बुडवला. मीटरचा काटा ढिम्म. दुसरा बुडवला, तर काटा झरझर सरकला.

"सूप," व्हर्लन म्हणाला.

पहिल्याला त्याने नळी लावून सायकलच्या पंपाने हवा भरायला लावली. दाब वाढला तसा तिथेही काटा हलला.

"दूध."

"माझी कॉफी," डॉयल पुटपुटला. पण मग पंप मारायला तोच वाकला, आणि पुढचे कितीतरी शनिवार वाकतच राहिला.

सगळंच काही व्हर्लनचं बरोबर निघालं नाही. एका बंद केलेल्या भोकाचं बूच त्याने कोणाला आवळू दिलं नव्हतं. इंजिन पहिल्यांदा धडधडलं आणि तिथून तेलाची चिळकांडी थेट त्याच्या शर्टावर. त्याने एक लांबलचक शिवी हासडली, अगदी स्पष्ट, एकही अक्षर न चुकता. नेल्डा हसता हसता रडायला लागली. बूच डॉयलने आवळलं.

विमान चालवायची परवानगी आता व्हर्लनला नव्हती. नेल्डाला होती, पिकांवर फवारणी करणाऱ्या वैमानिकाची मुलगी ती. नियमाप्रमाणे चाचणीची उड्डाणं तिने एकटीने केली. तेवढे आठवडे व्हर्लन खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसायचा, जवळ कोणी बसलं तर हाकलायचा.

शेवटी एका सकाळी ती त्याला शेजारी बसवून उडाली. नदीच्या वळणापर्यंत जाऊन दोघं परत आली. विमान थांबलं, वरची काच उघडली. पंखावरून उतरायला डॉयलने हात पुढे केला.

"नाही."

डॉयल मागे सरला. व्हर्लन बसत, सरकत, डाव्या हाताने कड धरत एकटा उतरायला लागला. बराच वेळ लागला त्याला. आम्ही सगळे उन्हात उभे राहिलो, आणि पुढे कोणीच गेलं नाही.